माणूस शोधायचाय? आधी विमानाचा नंबर धरा

दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या वैमानिकाचं पुढे काय झालं, हे शोधायला निघालेले बहुतेक जण त्याच्या नावापासून सुरुवात करतात. माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. मला आधी नंबर लागतो. स्मिथ आणि जोन्स ढिगाने सापडतात, पी ९३७४ नंबरचं स्पिटफायर मात्र एकच.

हा नंबर शेपटीच्या बाजूला बारीक रंगवलेला असे. फोटोत डोळ्यांत भरणारी मोठी अक्षरं स्क्वाड्रनची. विमान गेलं की तीच अक्षरं बदली आलेल्या विमानावर चढत, म्हणून त्यांच्या भरवशावर ओळख पटवू नका.

नंबर मिळाला की दोन फायली वेगवेगळ्या उघडा, एक यंत्राची आणि एक माणसाची.

यंत्राची सुरुवात फॉर्म ७८ पासून. हे ब्रिटिश हवाई दलाचं मूव्हमेंट कार्ड. विमान कुठल्या मेंटेनन्स युनिटमधून कुठल्या स्क्वाड्रनकडे गेलं, ते त्यावर त्रोटक खुणांनी लिहिलेलं असतं. 'एफबी' म्हणजे लढाईच्या उड्डाणात नुकसान, 'एफए' म्हणजे उड्डाणातला अपघात, 'एफटीआर' म्हणजे परतलं नाही. 'एसओसी' दिसलं की नवखे लगेच 'पाडलं' असं लिहून मोकळे होतात. त्याचा अर्थ एवढाच, की विमान दप्तरातून कमी केलं. कित्येक विमानं युद्ध पार पाडून भंगारात गेली, त्यांच्याही कार्डावर हेच असतं. आणि कार्डावरची तारीख घटनेचीच असेल असं नाही, कागद कारकुनापर्यंत पोचला त्या दिवसाचीही असू शकते.

खरी तारीख स्क्वाड्रनच्या नोंदवहीत मिळते. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ती 'एआयआर २७' या मालिकेत आहे. फॉर्म ५४० हा दिवसाचा गोषवारा. माझं आवडतं पान फॉर्म ५४१ : कोण, कुठल्या विमानातून, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं. यंत्र आणि माणूस एकाच ओळीत भेटतात ते इथे. उतरण्याची वेळ कोरी असेल तर पुढचं पान उलटण्याआधी त्या दिवशीच्या बाकीच्या ओळी वाचा. सोबत उडालेल्यांनी काय पाहिलं ते बहुधा तिथेच असतं. मात्र मे-जून १९४० मध्ये फ्रान्समधून माघारी आलेल्या स्क्वाड्रनांचे बरेच कागद गहाळ झाले, त्यामुळे त्या आठवड्यांच्या नोंदी जपून वापरा.

आता माणूस. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या थडग्यांची आणि स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या यादीत नाव पाहा. थडगं नसेल तर स्मारकच युद्धक्षेत्र सांगतं: ब्रिटन आणि वायव्य युरोपातून बेपत्ता झालेले इंग्लंडमधल्या रनीमीडला, वाळवंटातले इजिप्तमधल्या अलामीनला, ब्रह्मदेशाकडचे सिंगापूरच्या क्रांजीला. त्यानंतर 'एआयआर ८१' मधल्या हानीच्या फायली, त्यांत घरच्यांशी झालेला पत्रव्यवहारही सापडतो. मॉस्किटो किंवा बोफायटरसारखं दोघांचं विमान असेल तर सोबत्याचं राष्ट्रीयत्व जरूर बघा. तो ऑस्ट्रेलियन निघाला तर तिथल्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'ए ७०५' मालिकेतली त्याची फाइल दोघांचाही उलगडा करू शकते.

यादीत नावच नाही? मग तो वाचला असेल. पी ९३७४ हे २४ मे १९४० ला फ्रान्समधल्या कॅलेजवळच्या किनाऱ्यावर उतरलं. वैमानिक पीटर काझनोव्ह युद्धकैदी झाला आणि जगला. विमान वाळूने गिळलं, १९८० मध्ये वर आलं आणि २०११ मध्ये पुन्हा उडालं. याच्या उलट किट्टीहॉक ईटी ५७४. डेनिस कॉपिंगने २८ जून १९४२ ला ते इजिप्तच्या वाळवंटात उतरवलं. २०१२ मध्ये ते जवळपास अखंड सापडलं, कॉपिंग मात्र सापडला नाही. फायली वेगळ्या ठेवायच्या त्या यासाठी. विमान मिळालं म्हणजे माणसाची फाइल बंद होत नाही.

अवशेषांवरून उलटा शोध घेत असाल तर इंजिनाच्या नंबरावर एकट्यावर विसंबू नका, इंजिनं बदलली जात. अमेरिकन विमान असेल तर बेपत्ता विमानाच्या अहवालात, म्हणजे 'एमएसीआर'मध्ये, मशिनगनचेही नंबर असतात. ते जुळवून पाहा. आणि ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्यानुसार लष्करी विमानाचे अवशेष परवान्याशिवाय उकरता येत नाहीत. परवाना मागताना विमानाची ओळख आणि आत कोणाचे अवशेष असण्याची शक्यता विचारतात, म्हणून कागदांचं काम कुदळीच्या आधी.