ऑपरेशनची गुंतागुंत आणि अ‍ॅलर्जी कोडमध्ये मांडायची कशी? ('नंतर' आणि 'मुळे' ची भानगड)

केस पेपरवर ओळ असते, "पोटाचं ऑपरेशन, सहाव्या दिवशी टाक्यांतून पू, ताप." वाचणाऱ्या डॉक्टरला यात सगळं कळतं, कॉम्प्युटरला मात्र घंटा काही कळत नाही, त्याला एकेक तुकडा वेगळा करून कोणाचं कोणाशी काय नातं हे सांगावं लागतं. यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाते ती स्नोमेड सीटी, २००२ मध्ये एक अमेरिकन आणि एक ब्रिटिश शब्दसंग्रह एकत्र करून बनवलेली, साडेतीन लाखांच्या वर कॉन्सेप्ट (म्हणजे स्वतःचा आकडी कोड असलेल्या वैद्यकीय संकल्पना) आहेत त्यात. एवढा ढीग बघून नवीन माणूस सर्च बॉक्समध्ये शब्द टाकतो आणि पहिलं जे येईल ते उचलतो, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते. मी काय करतो ते सांगतो.

आधी वाक्य फोडा

कोड शोधायला जाऊच नका अजून. कागदावर लिहा: काय झालं, कुठे झालं, कोणत्या जंतूने किंवा पदार्थाने झालं, कधी झालं, आणि कशामुळे झालं. वरच्या ओळीत जंतूचं नाव नाहीये, तर ती जागा रिकामी सोडा. कल्चरचा (पू तपासून जंतू ओळखण्याचा) रिपोर्ट येईपर्यंत स्टॅफिलोकोकस 'असणारच' म्हणून टाकून देणारे लोक मी पाहिलेत, तसं नका करू.

मग विचारा: नंतर की मुळे?

सगळा खेळ इथे आहे. स्नोमेडमध्ये 'नंतर' हे नातं वेगळं (२५५२३४००२) आणि 'मुळे' हे नातं वेगळं (४२७५२००१), शिवाय 'दरम्यान' पण वेगळं. 'नंतर' फक्त घड्याळ सांगतं. 'मुळे' दोष कुठे जातो ते सांगतं.

समजा ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पेशंटच्या अंगावर कांजिण्या उठल्या. कांजिण्यांचा विषाणू शरीरात शिरल्यावर फोड यायला १० ते २१ दिवस लागतात, म्हणजे पेशंट अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच कुठूनतरी घेऊन आलेला. हे 'नंतर' आहे, 'मुळे' अजिबात नाही. टाक्यातला पू मात्र चीरच दिली नसती तर आला नसता, म्हणून तो 'मुळे'. हीच कसोटी लावा, ऑपरेशन झालंच नसतं तर हे झालं असतं का. उत्तर तुम्ही स्वतः ठरवायचं नाही हां, डॉक्टरला विचारायचं, आणि विचारता येत नसेल तर फक्त 'नंतर' टाकून थांबायचं, कारण 'नंतर' चुकत नाही. मी सुरुवातीला एका ठिकाणी 'ऑपरेशननंतर' असं लिहिलेलं दिसलं की डोळे झाकून 'मुळे' टाकत होतो, तिमाही रिपोर्टमध्ये एका सर्जनच्या नावावर भलतीच गुंतागुंत जमा झाली आणि त्यांनी मला बोलावून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गंमत म्हणजे आयसीडी-१० (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची कोड-यादी) मध्ये टी८१.४ या कोडच्या नावातच 'प्रोसिजरनंतरचा संसर्ग' असं आहे, पण तो बसलाय गुंतागुंतीच्या गटात. म्हणजे नाव 'नंतर' म्हणतं आणि घर 'मुळे' चं. नावावर जाऊ नका, कॉन्सेप्ट कोणाच्या खाली बसलाय ते उघडून बघा.

आता जोडा

आपली ओळ अशी दिसेल:

आजार
– प्रक्रिया: जंतुसंसर्ग
– जागा: पोटावरची ऑपरेशनची जखम
– जंतू: (रिपोर्ट आल्यावर)
– मुळे: पोटाची शस्त्रक्रिया

प्रक्रिया, जागा आणि जंतू हे तिन्ही एकाच गटात ठेवा. जखमेत पू आणि सोबत छातीत न्यूमोनिया असेल आणि गट केले नाहीत तर कुठला जंतू कुठे हे सिस्टिमला कळणार नाही. तयार कॉन्सेप्ट आधीच असेल तर अर्थातच तोच घ्या, स्वतः जोडत बसू नका.

किती गंभीर ते यात घुसडायचं नाही. त्यासाठी क्लॅव्हियन-डिंडो ग्रेड आहे, २००४ मध्ये आलेली, १ ते ५. तीच जखम बेडवरच उघडून साफ केली तर १, अँटिबायोटिक द्यावं लागलं तर २, परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं तर ३. आजार तोच, ग्रेड बदलली, म्हणून वेगळा रकाना.

अ‍ॅलर्जी: होऊ शकतं आणि झालं

इथे दुसरी गल्लत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेला माणूस समोर बसून मस्त हसत बोलतोय, अंगावर एक पुरळ नाही, तरी अ‍ॅलर्जी आहेच ना! कारण अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराचा कल, आणि रिअ‍ॅक्शन म्हणजे त्या दिवशी घडलेली घटना. कल आयुष्यभर असू शकतो, घटनेला तारीख असते आणि ती संपते.

स्नोमेडमध्ये 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' (९१९३६००५) उघडून बघा, कारक पदार्थ पेनिसिलिन, आणि 'प्रकट झालं तर काय होईल' या नात्यापुढे अ‍ॅलर्जिक प्रक्रिया. रिअ‍ॅक्शनमध्ये मात्र तीच अ‍ॅलर्जिक प्रक्रिया थेट 'चालू असलेली प्रक्रिया' म्हणून येते. फरक एवढाच, पण अ‍ॅलर्जी लिस्टमध्ये नुसतं 'अंगावर पित्त उठलं' टाकलं तर पुढच्या वेळी औषध लिहिताना धोक्याची सूचना येणार कशाची?

फायर स्टँडर्डमध्ये (वेगवेगळ्या सिस्टिमनी आरोग्याच्या नोंदी एकमेकांना द्यायची ठरलेली पद्धत) एकाच नोंदीत वर पदार्थ आणि खाली एकेक रिअ‍ॅक्शन अशी सोय आहे. तिथे दोन रकाने दिसायला भाऊ-भाऊ वाटतात: एक त्या वेळची रिअ‍ॅक्शन किती तीव्र होती, दुसरा पुढे जिवाला धोका किती. गेल्या वेळी हलकीच पुरळ आली म्हणून पुढचा धोकाही कमीच असं आपोआप भरू नका, माहीत नसेल तर 'सांगता येत नाही' हा पर्याय त्यात मुद्दाम ठेवलेला आहे.

पदार्थ भरताना ब्रँडचं नाव टाळा, मूळ द्रव्य निवडा. अ‍ॅमॉक्सिसिलिन हे हायरार्कीत (कोण कोणाच्या खाली येतं त्या उतरंडीत) पेनिसिलिनच्याच गटात येतं, म्हणून पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नोंदली असेल तर सिस्टिम अ‍ॅमॉक्सिसिलिनलाही अडवू शकते, ब्रँड लिहिला की ही साखळी तुटते.

आणि सगळंच अ‍ॅलर्जी नसतं. कोडीनने मळमळ, बीपीच्या एसीई इनहिबिटर गोळ्यांनी कोरडा खोकला, व्हॅन्कोमायसिन भराभर सोडल्यावर चेहरा-मान लाल होणं, ही त्रास देणारी पण बिनअ‍ॅलर्जीची प्रकरणं, इनटॉलरन्स किंवा साइड इफेक्टमध्ये टाका. रकाना रिकामा आणि 'माहीत असलेली अ‍ॅलर्जी नाही' (७१६१८६००३) हेही एक नव्हे, रिकामा म्हणजे कोणी विचारलंच नाही.

दोन्ही एकत्र आले तर

ऑपरेशन टेबलवरच पेशंटला जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस आला. आता ही गुंतागुंत की अ‍ॅलर्जी? दोन्ही, पण दोन नोंदी. पहिली घटनेची: अ‍ॅनाफिलॅक्सिस, 'दरम्यान' शस्त्रक्रिया. इथे 'मुळे शस्त्रक्रिया' लिहायचा मोह होतो, आवरा, कारण चीर दिल्याने अ‍ॅनाफिलॅक्सिस होत नाही, तो दिलेल्या औषधाने, लेटेक्सने (हातमोज्यांचं रबर) नाहीतर क्लोरहेक्सिडीनने (त्वचा जंतुमुक्त करायचं द्रव्य) होतो. भूल देताना पाच-सहा गोष्टी पाठोपाठ दिलेल्या असतात, त्यामुळे कारक पदार्थ त्या दिवशी ठरत नाही, तो नुसता 'औषध किंवा पदार्थ' एवढ्या वरच्या पातळीवर ठेवा. दुसरी नोंद अ‍ॅलर्जी लिस्टमध्ये, संशयित प्रत्येक पदार्थाची, 'खात्री नाही' अशा स्टेटसने. काही आठवड्यांनी स्किन टेस्ट झाली की एक 'खात्री झाली' होईल आणि बाकीच्या 'खोट्या ठरल्या' करायच्या, डिलीट नाही करायच्या, नाहीतर पुढचा माणूस परत तोच संशय घेऊन बसेल.

शेवटी तपासा

जुन्या दहा केस घ्या, दोन जणांनी एकमेकांचं न बघता कोड करा. मग क्वेरी टाका, 'मुळे = कुठलीही शस्त्रक्रिया' असलेले सगळे आजार दाखव, आणि बघा टाक्यातला पू येतोय का आणि कांजिण्या बाहेर राहतायत का. टेस्ट पेशंटला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लावून अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून बघा, सूचना यायलाच हवी. ज्या केसमध्ये दोघांचे कोड वेगळे आले त्यांचे कागद बाजूला काढा, डॉक्टरकडे जा आणि त्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारा, साहेब, हे नंतर की मुळे?