साकवाची फळी आणि ४४ प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ (भाराखाली वस्तू किती टिकते, किती वाकते याचे शास्त्र) हा विषय शिकवू लागलो, तेव्हा मला जसे शिकवले गेले होते तसेच पुढे शिकवायचे, एवढीच माझी तयारी होती. आधी सिद्धता, मग सूत्र, मग दोन उदाहरणे आणि तास संपताना ‘काही शंका?’ हा प्रश्न. त्यावर पंख्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नसे, आणि मी ते समजल्याचे लक्षण मानत असे. पहिल्या युनिट टेस्टचे पेपर तपासल्यावर तो गैरसमज गेला.

त्याच सुमारास रिचर्ड फेल्डर आणि लिंडा सिल्व्हरमन यांचा १९८८ सालचा लेख वाचनात आला. फेल्डर केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक आणि सिल्व्हरमन मानसशास्त्रज्ञ. अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा ओढा चित्रांकडे, प्रत्यक्ष वस्तूंकडे आणि करून पाहण्याकडे असतो, पण वर्गात त्यांच्या वाट्याला शब्द, अमूर्त सिद्धान्त आणि निमूटपणे ऐकणे येते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे याच विचारावर ४४ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. करून पाहणारे की मनात घोळवणारे, तपशिलाचे की कल्पनेचे, चित्राचे की शब्दांचे, पायरीपायरीने जाणारे की आधी सगळे चित्र मागणारे, अशा चार जोड्या आणि प्रत्येकीसाठी ११ प्रश्न.

मी ती भरून घेतली, हजेरीपटावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा प्रकार लिहिला आणि त्याप्रमाणे गटही पाडले. नव्या शिक्षकांनी नेमके हेच करू नये, असे मला वाटते. एका मुलाला प्रकरण वाचून यायला सांगितले, तर तो सरळ म्हणाला, “सर, मी व्हिज्युअल आहे, मला वाचून नाय जमत.” त्याला ही सबब मीच पुरवली होती. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा विद्यार्थ्याच्या शैलीशी जुळवून शिकवल्याने तो अधिक चांगले शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. खुद्द फेल्डर यांचेही सांगणे असे की, ही आवड असते, क्षमता नव्हे, आणि शिकवताना सगळ्याच बाजूंचा तोल सांभाळायचा असतो.

वर्गातले खरे फरक मला पुढे हळूहळू दिसू लागले. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या डिप्लोमावाल्यांनी तीन वर्षे व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन) हाताळलेला असतो, पण इंटिग्रेशन आले की ते चाचपडतात. बारावीतून आलेले इंटिग्रेशन झरझर करतात, पण तुळईच्या कोणत्या बाजूला ताण आणि कोणत्या बाजूला दाब, असे विचारले की घुटमळतात. ज्यांना मी ‘शब्दांतून न शिकणारे’ ठरवले होते, त्यांतले बरेच जण मराठी माध्यमातून आलेले होते आणि त्यांची अडचण शब्दांची नसून इंग्रजीची होती. ‘मोमेंट ऑफ रेझिस्टन्स’वर अडणारा मुलगा, मराठीत विचारल्यावर, वाकलेली तुळई आतून कशी विरोध करते हे नीट सांगत असे.

म्हणून आता एकच संकल्पना मी तीन-चार वाटांनी नेतो, आणि प्रत्येकाला सगळ्या वाटांनी चालायला लावतो. वाकण्याचे प्रकरण साकवापासून, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलापासून सुरू होते. २०० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाडीची फळी २ मीटरच्या वहाळावर टाकली आहे आणि ६०० न्यूटन वजनाचे माणूस मधोमध उभे आहे. फळी आडवी टाकली किंवा कडेवर उभी केली, तर ताकदीत किती पट फरक पडेल? पहिली दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही, आपला अंदाज वहीत लिहायचा. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा. मग हातातली प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही प्रकारे वाकवून पाहायची, आणि त्यानंतरच गणित. मधला बेंडिंग मोमेंट, म्हणजे फळीला वाकवणाऱ्या जोराचे माप, ३०० न्यूटन-मीटर. आडव्या फळीत स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागे येणारा जोर, सुमारे ३.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतो आणि उभ्या फळीत ०.९. म्हणजे ताकद चौपट आणि ताठरपणा सोळापट. बहुतेकांनी वहीत ‘दुप्पट’ लिहिलेले असते. शेवटी हे सगळे चार ओळींत, मराठीत चालेल, लिहून काढायचे.

एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणून वासे उभे लावतात!” आणि लगेच दुसरा, “मग सर, साकवाची फळी आडवी का टाकतात?” पायाला रुंदी हवी हे उघड उत्तर, पण उभी, अरुंद फळी भाराखाली बाजूला पिळून कलंडते, हा पुढच्या वर्षीचा विषय त्या दिवशीच वर्गात आला. माझ्या तयारीत तो प्रश्न नव्हता.

आधी सगळे चित्र मागणाऱ्या मुलांसाठी मी सत्राच्या सुरुवातीलाच वर्गाला रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरील कोकण रेल्वेच्या पुलाखाली नेतो. ६४ मीटर उंचीच्या या पुलाचा वरचा भाग एका टोकाला तुकड्यातुकड्याने ओतून पुढे ढकलत नेला. ढकलताना गर्डरचा तोच भाग कधी खांबावर येतो, कधी दोन खांबांच्या मध्ये, त्यामुळे त्यात ताण कधी वरच्या अंगाला येतो, कधी खालच्या. खाली उभे राहून हे सांगितले की बेंडिंग मोमेंटच्या आकृतीतील अधिक-उणे चिन्हे पाठ करावी लागत नाहीत. मात्र पावसाळ्यात हा बेत आखू नये. आम्ही एकदा आखला आणि गळक्या छत्र्यांखाली कोणाला काही ऐकू आले नाही.

अभ्यासक्रम पुरा कसा होतो, असे नवे सहकारी विचारतात. मी प्रत्येक युनिटमधील फळ्यावरची दोन उदाहरणे कमी करून ती घरी सोडवायला देतो, आणि लांबलचक सिद्धता छापील कागदावर मधल्या दोन पायऱ्या कोऱ्या ठेवून वाटतो. एवढ्यात तासाची पंधरा मिनिटे निघतात. एखाद्या वर्षी शेवटचे युनिट तरीही धावतपळत होते.