मीठ पाझरलं की समजायचं

पाऊस बडोद्यात पोचला हे मला ह्यांच्या तबल्यावरून कळतं. संध्याकाळी रियाजाला बसले की सूर उतरलेला, मग हातोडी घेऊन तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांवर ठोकाठोक, आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच. चामडं हवेतलं पाणी पितं आणि सैल पडतं, त्यात हातोडीचा काय दोष! मेमध्ये याच शहरात पापड तासाभरात कडकडीत वाळतात. जूनअखेर बफारा सुरू झाला की डब्यातले पापडसुद्धा सादळतात.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझी तीस वर्षं गेली. त्यातली निम्मी तरी मी पावसाळ्यातली ओल घालवायला चुकीच्या वेळी खिडक्या उघडण्यात घालवली.

आधी आकडा बघायला शिका. घरातला दमटपणा 60 टक्क्यांच्या आत असावा; 70 च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरते. मोजायला छोटं डिजिटल मीटर मिळतं, पण त्यावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते चिखलासारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब घाला, आणि मीटरसकट घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला हवेत. माझ्या मीटरने 81 दाखवले, म्हणून मी कायम सहा वजा करून वाचते. मीटर घ्यायचं नसेल तर मिठाची बरणी बघा. साधं मीठ साधारण 75 टक्क्यांच्या वरच पाणी ओढतं. तेव्हा मीठ पाझरायला लागलं की घराची दशा वेगळी सांगायला नको. कपाटात मिठाची वाटी ठेवण्याचा सल्लाही इथेच लंगडा पडतो: 75 च्या खाली ती नुसती बसून राहते.

मग ओल भिंतीतून येते की हवेतून, ते ठरवा. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा, दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूला थेंब असतील तर दोष हवेचा. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतच आहे, त्याला हवा कोरडी करणारं यंत्र (डीह्युमिडिफायर) लावून उपयोग नाही. गळका पाइप, गच्ची, पाया शोधा. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा नणंदेच्या घरातही आलं. रंगाऱ्याने दिवाळीच्या आत वॉटरप्रूफ रंग मारून दिला, आणि संक्रांतीपर्यंत भिंतीवर पुरीसारखे फुगे. भिंत आधी पूर्ण वाळू द्यायची. वाड्याच्या चुन्याच्या भिंतींना तर चुनाच बरा, त्यातून ओल बाहेर पडते.

आता खिडक्या. पूर्वी मी दुपारी ऊन पडलं की सगळं सताड उघडायची, घर वाळेल म्हणून. उलटंच व्हायचं, कोटा फरशी पायाला चिकटायची. कारण असं: गार हवेत पाणी कमी मावतं, म्हणून हवा निवली की टक्के चढतात. दुपारी बाहेर 32 अंश आणि 65 टक्के असतात, आकडा बरा वाटतो. पण तीच हवा माझ्या 28 अंशांच्या गार खोलीत शिरून निवली की 82 टक्क्यांवर जाते, आणि फरशी खोलीहून गार. पहाटे बाहेर 25 अंश आणि 90 टक्के, आकडा बघूनच धडकी भरते. पण ती हवा आत येऊन तापली की 75 वर उतरते. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पहाटे उघडा, दुपारी लावा. फोनवर हवामानात दवबिंदू दिसतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो आकडा; तो कमी असेल तेवढा वेळ खिडकी उघडी.

घरात पाणी आपणच किती ओततो तेही बघा. मशीनमधून पिळून काढलेल्या कपड्यांच्या एका खेपेत दीड-दोन लिटर सहज असतं. दोरी पुढच्या खोलीत बांधली तर ते सगळं तिथेच राहणार. बाथरूममध्ये वाळत घाला, दार लावून एक्झॉस्ट चालू. भातावर झाकण. कूलर जुलैत बंदच. तो हवेत पाणी घालतो. पंख्याने घाम वाळतो, खोलीतलं पाणी जात नाही.

एसीचा ड्राय मोड खरंच उपयोगी आहे, मात्र खोली बंद हवी. आमच्या बाहेरच्या नळीखाली बादली आहे, सकाळी निम्मी भरलेली असते, त्यात फरशी पुसते. डीह्युमिडिफायर असेल तर खोली थोडी गरम होणार हे धरून चाला.

सागवानी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पाठीमागे बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने झटकू नका, कण घरभर उडतात. तोंडाला रुमाल बांधून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच वाळवा. पैठण्या मलमलीत गुंडाळा, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सावलीत उलगडून ठेवा.

कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास, पण खाण्याचं भांडं वापरायचं नाही. निळे दाणे तर घेऊच नका, त्यात कोबाल्ट असतं, केशरी घ्या. दोन पुड्या तबल्याच्या खोळीतही टाकल्यात. हातोडी अजून लागते, पण रियाजात एकदाच.