गच्चीवरून आकाशगंगेतला हायड्रोजन: 1420 मेगाहर्ट्झचा कर्णा

आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूची रेडिओ रेषा 1420.4 मेगाहर्ट्झवर येते. पुण्यातल्या गच्चीवरून ती टिपायला डिश लागत नाही. पत्र्याचा डबा आणि त्याच्या उघड्या तोंडाला जोडलेला फॉइलचा कर्णा पुरतो.

आधी डबा. आतून 16.5 × 10 सेंमी, लांबी 25, एक टोक बंद. पत्रा बोहरी आळीत मिळेल. सांधे डाग देऊन जोडा. रुंद बाजूच्या मध्यरेषेवर, बंद टोकापासून 6.9 सेंमीवर भोक पाडून एसएमए कनेक्टर (केबल जोडायचा छोटा पेच) बसवा. आत 5.2 सेंमीची सरळ तांब्याची तार. 6.9 हा डब्यातल्या तरंगलांबीचा चतुर्थांश. ही तरंगलांबी मोकळ्या हवेतल्या 21.1 सेंमीपेक्षा लांब असते. बहुतेकांचं भोक इथेच चुकतं.

कर्ण्याचं तोंड 75 × 60 सेंमी, खोली 70. फोमबोर्डाचे चार तुकडे कापा: दोन 16.5 ते 75 रुंद, तिरकी उंची 74.3, दोन 10 ते 60, उंची 75.9. आतून फॉइल लावा. गोंदाचा थर वीज अडवतो, म्हणून सांध्यावर फॉइल फॉइलवर दुमडून वरून अॅल्युमिनियम टेप. डबा आणि कर्णा चारी बाजूंनी विजेने जोडलेले हवेत.

फिल्टर असलेला 1420 चा एलएनए (कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर) थेट कनेक्टरवर. मध्ये केबल नको, तिचा तोटा गोंगाट होऊन बसतो. पुढची केबल तपकीर गल्लीत मिळते. शेवटी आरटीएल-एसडीआर, म्हणजे संगणकाला जोडायचा यूएसबी रेडिओ.

आता चाचणी. कर्णा आधी आकाशाकडे, मग कोरड्या भिंतीकडे. भिंतीची पातळी निदान 3 डेसिबल वर हवी. नसेल तर सांधे आणि तार तपासा. पावसानंतर ओल्या गच्चीकडे वळवून ही चाचणी करू नका: ओली जमीन या पट्ट्यात थंड दिसते, म्हणून फरक कमी येतो. 2009 साली सोडलेला स्मॉस उपग्रह 69 अँटेनांनी मातीची ओल मोजतो तो याच गुणावर.

ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी साडेसातच्या सुमारास हंस तारकासमूह माथ्याजवळ असतो. कर्णा माथ्यापासून 22 अंश उत्तरेला झुकवा. एसडीआरचं केंद्र 1421.2 वर ठेवा, नाहीतर एसडीआर स्वतःच मध्यावर दाखवतो तो खोटा काटा रेषेवरच बसेल. पाच मिनिटांची सरासरी घ्या, आकाशगंगेपासून दूरच्या आकाशाची तेवढीच सरासरी घेऊन तिने भागा. 1420.4 जवळ उंचवटा दिसेल, त्याच्या उजवीकडे आपल्याकडे येणाऱ्या, आकाशगंगेच्या बाहेरच्या भागातल्या वायूचे लहान उंचवटे. रेषा 4.74 किलोहर्ट्झ सरकली म्हणजे वेग सेकंदाला 1 किमी. पृथ्वीच्या सेकंदाला 30 किमीच्या कक्षागतीचा त्या दिशेतला भाग वजा केला नाही, तर ऑक्टोबर आणि मेचे आलेख एकमेकांवर बसणार नाहीत.