अॅनिमोमीटर, ग्रिल आणि मी दाबलेले पाच डॅम्पर

वातानुकूलनाच्या कामात नव्याने आलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच आठवड्यात पंख्याचा अॅनिमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजणारा मीटर, दिला जातो, कारण इतर उपकरणांच्या मानाने तो निरुपद्रवी वाटतो. बटण दाबावे, हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीसमोर म्हणजे ग्रिलसमोर धरावा, पडद्यावरचा वेग आणि तापमान वहीत उतरवावे, इतकेच ते काम आहे असा माझाही समज होता. आयटीआयची दोन वर्षे संपवून पुण्यात एअर बॅलन्सिंगच्या, म्हणजे प्रत्येक खोलीला ठरलेली हवा मिळते का ते मोजून जुळवण्याच्या, कामाला लागलो तेव्हा फूट प्रति मिनिट या वेगाला चौरस फुटांतील क्षेत्रफळाने गुणले की सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जाते तो आकडा, मिळतो, हे मला पाठ होते, तुम्हालाही असेल. मी फसलो तो या गुणाकारातल्या दुसऱ्या आकड्यावर.

एका कार्यालयाच्या मजल्यावर ६००० सीएफएमचा एएचयू, म्हणजे हवा थंड करून डक्टमधून (हवेच्या नळातून) सोडणारे यंत्र, होता. त्यातील ३७५० सीएफएम हॉलच्या पाच ग्रिलमधून, म्हणजे प्रत्येकी ७५०, आणि उरलेली २२५० केबिनमध्ये जाणे अपेक्षित होते. केबिनच्या डक्टमध्ये हॉट वायरचा प्रोब (तापलेल्या तारेने हवेचा वेग मोजणारी कांडी) घालून आमच्या सीनियरांनी मोजमाप केले आणि ते बरोबर आले. हॉलचे ग्रिल २४ बाय १२ इंचांचे होते, म्हणून मी मीटरमध्ये २ चौरस फूट भरले. सरासरी वेग ५०० आला आणि पडद्यावर १००० सीएफएम दिसले. पाचही ग्रिलवर जवळपास तेच. हॉलमध्ये हवा जास्त जात आहे असे ठरवून मी शिडीवर चढलो, ७५० दिसेपर्यंत पाचही डॅम्पर, म्हणजे ग्रिलमागच्या हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा, दाबत आणले आणि मोठ्या समाधानाने अहवाल लिहिला. मे महिन्यातल्या दुपारी तक्रार आली, तेव्हा हॉलमध्ये टेबलफॅन लागले होते आणि केबिनमधले साहेब जॅकेट घालून बसले होते.

झाले होते ते असे. ग्रिलची चौकट २ चौरस फुटांची असली तरी पाती आणि मागच्या डॅम्परची पाने त्यातला बराच भाग अडवतात. हवा उरलेल्या फटींतून आकसून, वेग वाढवून बाहेर पडते आणि मीटरची चकती (त्याचा फिरणारा पंखा) नेमका तो वाढलेला वेग दाखवते. वाढलेला वेग घ्यायचा आणि क्षेत्रफळ मात्र पूर्ण चौकटीचे धरायचे, ही चूक मी केली. उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये त्या ग्रिलचे प्रभावी क्षेत्रफळ १.५ चौरस फूट दिलेले होते. म्हणजे मुळात प्रत्येक ग्रिलमधून ७५० सीएफएमच येत होते. माझ्या पडद्यावर ७५० दिसले तेव्हा प्रत्यक्षात ५६० च्या आसपास उरले होते आणि ३७५० मागणाऱ्या हॉलला जेमतेम २८०० मिळत होते. कॅटलॉगमधला आकडा विशिष्ट प्रकारच्या मीटरसाठी आणि तो धरण्याच्या विशिष्ट जागेसाठी असतो, तेव्हा त्याखालची बारीक अक्षरातली टीपही वाचा.

वास्तविक शिडीवर चढण्यापूर्वी एक बेरीज केली असती तरी पुरे होते. हॉलचे ५००० आणि केबिनचे २२५० मिळून ७२५० होतात आणि एएचयू देतो ६०००. डक्टच्या सांध्यांतून हवा गळते, त्यामुळे ग्रिलची बेरीज कमी भरली तर समजू शकते. ती जास्त भरली तर मापातच खोट आहे. शिवाय पुष्कळ मीटर मागच्या कामाचे क्षेत्रफळ स्मरणात ठेवतात, त्यामुळे दर वेळी ते तपासूनच मोजायला लागा.

धरण्याची पद्धत हाताला लवकर बसते, त्याची फार चिंता करू नका. चकतीवरचा बाण हवेच्या दिशेने असावा, मीटर सरासरीच्या मोडवर ठेवून संपूर्ण ग्रिलवरून सावकाश फिरवावा आणि आपले डोके किंवा खांदा झोताच्या आड येऊ देऊ नये. ग्रिलच्या मध्यावरचे एकच रीडिंग घेऊन पुढच्या खोलीत जाणारा माणूस मात्र माझ्या लेखी वहीत खोटे लिहीत असतो.

तापमानाच्या बाबतीत घाई नडते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतून काढलेला मीटर खोलीत आणल्यावर बराच वेळ गाडीचेच तापमान सांगतो, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. सप्लाय (खोलीत येणारी हवा) आणि रिटर्न (परत जाणारी हवा) यांच्यात साधारण ८ ते ११ अंश सेल्सिअसचा फरक असावा असे आपण शिकतो. परंतु पावसाळ्यातल्या मुंबईत हवा थंड करणाऱ्या कॉइलची बरीच शक्ती हवेतले पाणी काढण्यात खर्ची पडते आणि मशीन ठणठणीत असूनही फरक कमी दिसतो. आर्द्रता न मोजता अशा ठिकाणी गॅस कमी असल्याचे सांगून मोकळे होणारे ‘अनुभवी’ लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. हात लावून हवा ओळखतो म्हणणाऱ्या उस्तादांकडून शिडी कशी लावायची ते जरूर शिका, मोजमाप शिकू नका.

माझ्या सीनियरांनी त्या दिवशी मला सर्वांसमोर काही म्हटले नाही. संध्याकाळी डॅम्पर पुन्हा उघडताना त्यांनी खालून शिडी धरली आणि प्रत्येक ग्रिलनंतर एवढेच विचारले, ‘क्षेत्रफळ किती धरलंस, आणि कुठून घेतलंस?’ तेव्हापासून माझ्या वहीत वेगाच्या शेजारी क्षेत्रफळाचा आणि त्याच्या शेजारी ‘कुठून घेतले’ असा रकाना असतो. नव्या मुलांच्या वह्या तपासताना मी तो रकाना आधी पाहतो; तो कोरा असेल तर वही परत देतो.