प्राचीन ग्रीक शब्दांचे मूळ कसे शोधावे: किनारे आणि वनस्पती

प्राचीन ग्रीक शब्द हाती आला की व्युत्पत्तीकडे धाव घेण्यापूर्वी कोशातील नोंदी मोजाव्यात, कारण एकाच लेखनामागे अनेकदा दोन-तीन निराळे शब्द असतात. ‘अक्ते’चेच पाहा. या शब्दाचा एक अर्थ समुद्रात घुसलेला खडकाळ किनारा किंवा भूशिर असा आहे, आणि अथेन्सच्या अ‍ॅटिका प्रदेशाचे जुने नावही ‘अक्ते’ असेच सांगितले जाते. होमरच्या काव्यात मात्र ‘देमेतेरची (धान्यदेवतेची) अक्ते’ म्हणजे धान्य, आणि पांढऱ्या फुलांच्या, पोकळ फांद्यांच्या एल्डर झाडालाही ‘अक्ते’च म्हणतात. हे झाडाचे नाव ‘अक्तेआ’चे आकुंचित रूप असल्यामुळे त्याच्या शेवटच्या स्वरावर वेगळे आघातचिन्ह येते, म्हणून आघातचिन्हे गाळून शब्द उतरवण्याची सवय प्रथम सोडावी.

त्यानंतर अर्थच्छटा संदर्भावरून ठरवावी. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात पुजारी क्रीसिस मुकाट्याने ज्या किनाऱ्याने निघून जातो तो ‘थीस’ आहे. या शब्दात ढीग हाही अर्थ असल्याने तेथे वाळूचा किनारा डोळ्यांपुढे येतो. ‘रेग्मीन’ म्हणजे लाटा फुटतात ती जागा; फुटणे या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध उघड आहे. सर्वांना सरसकट ‘किनारा’ म्हणणे सोपे असले तरी त्यात बरेच काही हरवते.

वनस्पतींच्या बाबतीत शेवटचा प्रत्यय अधिक बोलका असतो. ‘हियाकिन्थोस’ आणि ‘टेरेबिन्थोस’ यांतील ‘-न्थोस’ कोरिन्थोस या नगराच्या नावातही आढळतो, आणि असे शब्द ग्रीकपूर्व भाषेतून आले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘नार्किसोस’चा संबंध बधिरता या अर्थाच्या ‘नार्के’शी प्राचीन लेखकांनीच जोडला होता, परंतु ‘किपारिसोस’ म्हणजे सुरू जातीच्या झाडासारख्या नावांतही तोच ‘-इसोस’ हा शेवट दिसत असल्याने, म्हणजे हाही शब्द ग्रीकपूर्व असण्याची शक्यता असल्याने, ती कथा गोड वाटली तरी तिच्यावर विसंबू नये.

शब्द किती जुना आहे हे पाहण्यासाठी मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरातील मातीच्या पाट्यांकडे वळावे. त्यांची लिपी मायकल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली. बडीशेपेला नंतरच्या ग्रीकमध्ये ‘मारथॉन’ म्हणत. पाट्यांवर तिची नोंद ‘मा-रा-तु-वो’ अशी आहे, म्हणजे पुढे लोपलेला ‘व’ तेथे शाबूत आहे. इ. स. पू. ४९० च्या लढाईने प्रसिद्ध झालेल्या मॅरेथॉन या समुद्रकाठच्या मैदानाचे नावही याच वनस्पतीवरून पडले: जिथे बडीशेप माजते ती जागा. शर्यतीचे नाव घेताना हे सहसा कोणाच्या ध्यानीमनी नसते.

उसना शब्द असेल तर मात्र ग्रीक धातू शोधण्यात वेळ घालवू नये. ‘पेपेरी’ म्हणजे मिरी; हा शब्द पूर्वेकडून आला असून त्याच्या मुळाशी संस्कृत ‘पिप्पली’ आहे. प्राचीन ग्रीक वनस्पतीशास्त्रज्ञ थिओफ्रास्टसने त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक गोल आणि दुसरा लांबट. हा लांबट प्रकार म्हणजे आपली पिंपळी.