खडा, केळं की पाणी: शौचाचा आकार कसा वाचायचा

पोट साफ आहे का, हे आपण किती वेळा गेलो यावरून ठरवतो. त्यापेक्षा आकार जास्त सांगतो. मोठं आतडं पाणी शोषतं. मळ तिथं रेंगाळला की सुकतो, घाईनं सुटला की पातळ राहतो. 1997 साली प्रसिद्ध झालेली ब्रिस्टल मोजपट्टी याच हिशेबावर 7 प्रकार करते.

1 म्हणजे शेळीच्या लेंड्या, 2 गाठाळ. दोन्ही बद्धकोष्ठ. 3 भेगाळ पण सलग, 4 केळ्यासारखा मऊ, हे उत्तम. 5 मऊ सुटे तुकडे, 6 चिखल, 7 निव्वळ पाणी. आकार 3-4 असेल तर आठवड्यातून तीनदा झालं तरी चालतं. रोज सकाळी झालंच पाहिजे हा हट्ट उगाच.

खडा होत असेल तर आधी पाणी बघा. ऊसतोड, द्राक्षछाटणीच्या दिवसांत उन्हात घाम जातो, पाणी मात्र राहून जातं. ज्वारीची भाकरी, मटकी, मेथी असू द्या. तासगावचे बेदाणे मूठभर रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट खा (मधुमेह असेल तर बेदाणे नकोत). चोथा एकदम वाढवला की गॅस धरतो, म्हणून आठवडाभरात हळूहळू वाढवा. इसबगोल 1-2 छोटे चमचे, भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यायचं. पाणी कमी पडलं तर ते फुगून घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. गुण यायला 2-3 दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी दुप्पट घेऊ नका. कमोडवर बसताना पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवा. सोनामुखीचं चूर्ण महिनोन्महिने आपल्या मनानं घेणं बरं नाही.

एक फसवणूक लक्षात ठेवा: म्हाताऱ्या माणसांत आणि लहान मुलांत आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपतं. घरचे जुलाब समजून बंद व्हायची गोळी देतात, खडा आणखी घट्ट होतो.

खरे जुलाब असतील, विशेषतः कृष्णेला पूर येऊन गेल्यावर, तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. मेडिकलमधलं ओआरएस मिळालं तर तेच बरं. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली तर थेट दवाखाना.

पेन्सिलीसारखी बारीक शौच 2-3 आठवडे टिकली, रक्त पडलं, वजन उतरलं, किंवा रंग मातकट पांढरा झाला, तर तपासणी करून घ्या. मूळव्याधच असेल म्हणून थांबू नका. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच असेल तर त्याच दिवशी जा. लोहाच्या गोळ्यांनी काळा आणि बिटानं लाल रंग येतो, तेव्हा काय खाल्लं होतं तेही डॉक्टरांना सांगा.